सैगलचे सिनेमे फुकट हवेत, पण ते टिकवायचे कोणी?

जुनी_तबकडी : काल एकाने लिहिलं, "गायक-नट सैगल १९४७ साली गेला. त्याचे सगळे सिनेमे नेटवर फुकट टाका, पैसे मागणारे चोर आहेत." हे चोर कोण? जुने सिनेमे नायट्रेट या ज्वालाग्राही फिल्मवर असायचे; ती रिळं सडतात, पेट घेतात. २००३ साली पुण्यात राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयाच्या कितीतरी नायट्रेट प्रिंट जळाल्या. उरलेली रिळं साफ करणं, सांधणं, स्कॅन करणं हे कुणीतरी बसून करतं. माझ्या मामांचं आयुष्य त्यात गेलं. त्यांना चोर म्हणू नका.

मल्हार : मामांबद्दल आदर आहे. पण आपल्याकडे चित्रपटाचा हक्क (कॉपीराइट) प्रदर्शनानंतर ६० वर्षं. 'देवदास' १९३५, 'स्ट्रीट सिंगर' १९३८, 'तानसेन' १९४३. सगळे कधीच मोकळे झाले! संग्रहालय १९६४ पासून जनतेच्या पैशावर चालतंय. मग परत पैसे का मोजायचे?

जुनी_तबकडी : चित्रपट मोकळा, पण गीतकाराचा हक्क मृत्यूनंतर ६० वर्षं असतो. 'देवदास'चे गीतकार केदार शर्मा १९९९ साली गेले. तेवढं सोपं नाहीये ते.

फिल्लमबाज : गाणी यूट्यूबवर आहेतच, सिनेमा कशाला हवा?

तारसप्तक : कशाला? 'स्ट्रीट सिंगर'मधलं 'बाबुल मोरा' सैगलने चालत चालत, कॅमेऱ्यासमोर थेट गायलंय. ते चालणं तबकडीत कुठून येणार? आणि यूट्यूबवर बघायला जावं तर सैगलच्या तोंडावर चॅनेलचा शिक्का!

मल्हार : शिक्क्यांचं तर बोलूच नका. वडील आजारी होते, त्यांच्यासाठी एका संग्राहकाकडून डिस्क मिळवली. पडद्याच्या मधोमध त्या संग्राहकाचं नाव, शेवटपर्यंत. वडिलांनी अर्ध्यात बंद करायला लावली.

रीळवाला : मी संग्राहक आहे आणि हे वाचून संताप आला. लोक रिळं भंगारात घालत होते तेव्हा आम्ही पदरचे पैसे घालून ती उचलली. नाव नाही टाकलं तर दुसरा चॅनेल तीच प्रत उचलून कमाई करतो. माझ्या बाबतीत झालंय.

तारसप्तक : म्हणून सैगलचा चेहरा झाकायचा? रीळ तुमचं, सैगल तुमचा नाही!

रीळवाला : कोपऱ्यात टाकतो नाव, झालं समाधान? पण कपाटात पडून असलेल्या रिळांसाठी तुमच्यापैकी कुणी कधी विचारलंय? स्कॅनिंगला मदत हवी का, एवढं तरी?

जुनी_तबकडी : हेच मी पहिल्यापासून सांगतोय.

मल्हार : बरं, साफ केलेल्या मोठ्या प्रतीला पैसे घ्या, तेवढं मानतो. पण साधी प्रत सगळ्यांना फुकट मिळालीच पाहिजे. त्यावर मी हटणार नाही.

रीळवाला : साधी प्रतही आधी स्कॅनच करावी लागते, मल्हारराव. खर्च वाटून घेणार असाल तर उद्याच पहिलं रीळ काढतो.