स्टोन रोझेसचा दुसरा अल्बम: कोर्टाला किती दिवस बोल लावणार?

सोमवारचा_डबा
'कोर्टकचेरी मध्ये आली नसती तर सेकंड कमिंग अजरामर झाला असता.' मँचेस्टरच्या स्टोन रोझेस या रॉक बँडच्या दुसऱ्या अल्बमबद्दल हे ऐकून कान किटले, म्हणून हा धागा.

तारखा बघा. पहिला अल्बम 1989 च्या मे महिन्यातला. सिल्व्हरटोन कंपनीचा करार जाचक होता, हे मान्य. मनाईहुकूम आला, रेकॉर्डिंग थांबलं, तेही मान्य. पण मे 1991 मध्ये न्यायालयाने त्यांना मोकळं केलं, गेफेन या नव्या कंपनीने भरघोस उचल दिली, आणि अल्बम आला डिसेंबर 1994 मध्ये! सुटका झाल्यावरची साडेतीन वर्षं कुठल्या न्यायाधीशाच्या खात्यात टाकायची?

माझ्या मते घात गिटारने केला. पहिल्या अल्बमची गाणी स्क्वायर आणि ब्राऊन या जोडीच्या नावावर होती. इथे 12 पैकी 9 एकट्या जॉन स्क्वायरची. लेड झेपेलिन या जुन्या हार्ड रॉक बँडच्या नादाला लागून त्याने गिटारवर गिटार चढवली आणि गाणारा इयन ब्राऊन आपल्याच घरात पाहुणा झाला.

ठेकेदार
साफ चूक. 'डेब्रेक' नीट ऐकलंय का? त्यावर चौघांचीही नावं आहेत. रेनीचे ड्रम्स आणि मॅनीचा बेस तिथे असे बोलतात की गिटार नुसती संगतीला वाटते. इतका लवचिक ठेका धरणारा ड्रमर त्या काळच्या इंग्लंडमध्ये दुसरा दाखवा. 'बेगिंग यू'ही ऐका, त्यात कुठे आलंय झेपेलिन?

अल्बम वाईट नव्हताच. लोकांना पहिलाच अल्बम पुन्हा हवा होता. त्यात ऑगस्ट 1994 मध्ये ओअॅसिस या बँडचा पहिला अल्बम येऊन गेला. मँचेस्टरच्याच पोरांनी पंगत उठवली आणि मग हे ताट घेऊन आले. तरी यातलं 'लव्ह स्प्रेड्स' हे गाणं ब्रिटनमध्ये दुसऱ्या क्रमांकावर गेलं आणि अल्बम चौथ्या. याला आपटणं म्हणतात?

सोमवारचा_डबा
@ठेकेदार, चौथा क्रमांक ही साडेपाच वर्षांच्या उत्सुकतेची कमाई. पहिल्या आठवड्यात लोक आठवणी विकत घेतात, गाणी नाही.

दुपारची_भैरवी
तुम्ही दोघं गिटार आणि ठेक्यावरून भांडताय, पण एक माणूस राहिलाच: जॉन लेकी. पहिल्या अल्बमचा निर्माता. दुसऱ्याच्या कामात वेल्समधल्या रॉकफिल्ड स्टुडिओतलं रेंगाळणं बघून तो मधेच निघून गेला. मग पॉल श्रोडर आला, आणि शेवटी सायमन डॉसनने काम तडीला नेलं.

आता गंमत. तिथून सुटलेल्या लेकीने 1994 मध्ये रेडिओहेड या बँडचा 'द बेंड्स' हाती घेतला. तोही दुसराच अल्बम! तिथेही कंपनी त्यांच्या आधीच्या गाजलेल्या 'क्रीप'सारखं गाणं द्या म्हणून मागे लागलेली, तिथेही सुरुवातीला गाडं रुतलं. पण ते मधेच दौऱ्यावर गेले, लोकांसमोर नवी गाणी वाजवली, परत येऊन अल्बम पुरा केला. मार्च 1995 मध्ये बाजारात.

रोझेस मात्र जून 1990 च्या ग्लासगोच्या कार्यक्रमानंतर थेट 1995 मध्ये मंचावर आले. मनाई होती ती रेकॉर्डिंगला. मैफलीच नाहीत म्हटल्यावर कुठलं गाणं चालतं आणि कुठलं लांबतं, हे कळणार कसं? रोज दार लावून रियाज केला तरी समोर चार कान लागतातच. 'ब्रेकिंग इंटू हेवन'मध्ये ब्राऊन तोंड उघडेपर्यंत चार मिनिटांहून जास्त वेळ जातो. हे एकदा हॉलमध्ये वाजवलं असतं तर दुसऱ्या दिवशी कात्री लागली असती.

ठेकेदार
मैफलींचा मुद्दा पटला, हे कबूल. पण रेडिओहेडशी तुलना नको. ती पोरं नुकती पुढे येत होती. इकडे तिशीला आलेली माणसं, घरी तान्ही मुलं, हातात आयुष्यात पहिल्यांदा पैसा. वेळ लागणारच. आणि ती चार मिनिटं मला आवडतात. पाणी, जंगल, दुरून येणारा ताल. कात्री लावणाऱ्याचा हात धरीन मी.

सोमवारचा_डबा
घ्या! ज्या रेनीच्या ठेक्यावर तुम्ही जीव टाकता, तो अल्बम आल्यावर चार महिन्यांत, मार्च 1995 मध्ये, बँड सोडून गेला. पुढे स्क्वायर सायकलवरून पडला, गळपट्टीचं हाड मोडलं आणि ग्लास्टनबरीचा संगीत महोत्सव हुकला. त्यांच्या जागी पल्प हा बँड वाजवून गेला. एप्रिल 1996 मध्ये स्क्वायरही बाहेर. अल्बम इतका एकजीव होता तर तो करणारे वर्षभरही एकत्र का राहिले नाहीत?

ठेकेदार
घटस्फोट झाला म्हणून लग्नातलं जेवण वाईट होतं असं ठरत नाही, डबेवाले.

आळशी_मांजर
तुमचं चालू द्या. मला एवढंच सांगा, त्या सीडीवर 90 व्या ट्रॅकवर जो गोंधळ लपवलाय तो कुणाकुणाला माहीत होता? मी पहिल्यांदा ऐकली तेव्हा सीडी बंद करायची राहिली. बारावं गाणं संपलं, सगळं शांत. मी पोळ्या लाटत होते. अचानक बाहेरच्या खोलीतून असलं बेसूर काहीतरी सुरू झालं की लाटणं घेऊनच धावले.