फिस्टफुल ऑफ डॉलर्समधला तो माणूस नक्की आहे कोण?

रानवारा
काल रात्री 'अ फिस्टफुल ऑफ डॉलर्स' पहिल्यांदा पाहिला, सर्जिओ लिओनेचा, १९६४चा. डोक्यातून जातच नाहीये. खेचरावर बसून एक माणूस सॅन मिगेल नावाच्या गावात येतो, तिथल्या रोहो आणि बॅक्स्टर या दोन वैरी टोळ्यांकडून पैसे उकळतो, दोघांची आपसात जुंपवून देतो आणि मग मधेच जीव धोक्यात घालून रोहोंच्या ताब्यातल्या मारिसोलला, तिच्या नवऱ्याला नि पोराला पळवून लावतो, वर जवळचे पैसेही त्यांनाच देतो, जे त्याच्या आधीच्या वागण्यात कुठेच बसत नाही. हे मुद्दाम अर्धवट ठेवलंय का माझं काही बघायचं राहिलं?

चिंचबन
मुद्दामच आहे. ती विचारते तू हे का करतोयस, तर तो एवढंच म्हणतो की तुझ्यासारखी एक होती ओळखीची, तेव्हा मदतीला कोणी नव्हतं. आई, बहीण, बायको, कोण ते शेवटपर्यंत कळत नाही. स्क्रिप्टमध्ये त्याला बोलायला बरंच काही होतं, ते काम करणाऱ्या क्लिंट ईस्टवूडनेच ते कापायला लावलं. नंतर सत्तरच्या दशकात अमेरिकन टीव्हीवर दाखवताना सुरुवातीला एक वेगळा सीन शूट करून चिकटवला, का तर याला सरकारनेच गाव साफ करायला पाठवलंय असं वाटावं म्हणून! पिक्चरचा जीवच काढून घेतला की हो, तो कोणाच्या हुकमाने आलेला नाही हाच तर मुद्दा आहे.

जुनी_रिळं
जपानी दिग्दर्शक कुरोसावाला विसरू नका राव. गोष्ट सगळी त्याच्या 'योजिम्बो'ची, १९६१ची, तो काढणाऱ्या तोहो कंपनीने दावा लावला आणि शेवटी जगभरच्या कमाईतले १५ टक्के देऊन तो मिटला. त्यातला सामुराईसुद्धा नाव विचारल्यावर बाहेरचं तुतीचं शेत बघून त्यावरूनच नाव सांगतो. इथे तर तो तेवढंही करत नाही, 'जो' अशी हाक त्याला मारतो तो तिथला शवपेट्या बनवणारा म्हातारा.

चिंचबन
@जुनी_रिळं मान्य, सांगाडा कुरोसावाचाच. पण चेहऱ्याच्या इतक्या जवळ जाणारा कॅमेरा आणि संगीतकार मोरिकोनेची ती शीळ, हे लिओनेचं. माणूस गप्प आणि शीळ बोलते. त्याआधीच्या बहुतेक वेस्टर्नमध्ये, म्हणजे काउबॉयच्या पिक्चरमध्ये, हिरो कायद्याच्या बाजूचा, निदान मनाने तरी सरळ. हा चार जणांना मारायला निघतो आणि जाता जाता म्हाताऱ्याला तीन पेट्या तयार ठेवायला सांगतो, परत येताना म्हणतो चुकलं, चार. असा माणूस आपल्याला आवडायला लागतो, तिथे वेस्टर्न बदलला.

@रानवारा सुरुवातीचा विहिरीवरचा सीन परत बघा. त्या पोराच्या पायाशी गोळ्या झाडतात, बापाला मारहाण करतात, आणि हा पाणी पीत नुसता बघतो.

रानवारा
आत्ताच परत लावला. खिडकीत मारिसोल पण दिसते की हो तेव्हाच! काल मी तो सीन मोबाईल बघत घालवला होता.