रोमचं 'रिपब्लिक': प्रजासत्ताक की गणराज्य?

प्रश्न: शाळकरी मुलांसाठी प्राचीन रोमवर लिहिते आहे आणि 'रिपब्लिक'पाशीच अडले. 26 जानेवारीला आपण प्रजासत्ताक दिन म्हणतो, उद्देशिकेत मात्र 'लोकशाही गणराज्य' आहे. रोमला काय म्हणू? आणि 'डिक्टेटर'ला हुकूमशहा चालेल ना?

उत्तर: ताई, रोमला गणराज्यच म्हणा. लॅटिन 'रेस पुब्लिका' म्हणजे सार्वजनिक बाब, सगळ्यांचा कारभार. सत्ता कोणाच्या हाती, हे त्यात कुठेच नाही. इ.स.पू. 509 मध्ये टार्क्विनियस राजाला हाकलल्याचं परंपरा सांगते. मग दरवर्षी दोन कॉन्सल, म्हणजे सर्वोच्च अधिकारी, निवडले जाऊ लागले, एकाला दुसरा अडवू शकेल असे. पण त्यांना निवडत कसे, ते बघा. सभेत 193 सेंच्युरी, म्हणजे 193 गट, आणि दर गटाला एक मत. सुरुवातीच्या रचनेत घोडेस्वारांचे 18 गट आणि सर्वांत श्रीमंत वर्गाचे 80. या 98 गटांचं जमलं की बहुमत झालं, मतदान तिथेच थांबायचं. ज्यांच्याकडे काहीच मालमत्ता नाही, ते सगळे मिळून एका गटात! डोकी मोजत नव्हते, गट मोजत होते. 'गण' म्हणजे समूहच की. पंचायत समितीच्या मतदारसंघाला आपण आजही गण म्हणतो.

दुसरं मत: इथे प्लेबियनांवर, म्हणजे सामान्य लोकांवर, अन्याय होतो आहे. इ.स.पू. 494 मध्ये ते शहर सोडून डोंगरावर जाऊन बसले आणि आपले ट्रिब्यून, म्हणजे आपली बाजू राखणारे अधिकारी, मिळवूनच परतले. 'व्हेटो' हा शब्द त्यांच्यामुळेच गाजला. त्याचा अर्थ 'मी मनाई करतो'. 287 मध्ये तर त्यांच्या सभेचे ठराव सगळ्या रोमवर बंधनकारक झाले. हे प्रजेचं राज्य नाही तर काय?

उत्तर: हा लढा मुलांना सांगायलाच हवा, पूर्ण मान्य. पण 'प्रजा' म्हटलं की समोर राजा उभा राहतो, आणि रोमन माणसाला 'राजा' हा शब्दच सहन होत नसे. मी गणराज्यावर ठाम आहे.

हुकूमशहा मात्र नको. डिक्टेटर हे संकटकाळापुरतं, फार तर सहा महिन्यांचं कायदेशीर पद होतं. सिन्सिनाटसला नांगरावरून बोलावलं आणि काम झाल्यावर सोळाव्या दिवशी तो पदावरून उतरला, अशी कथा आहे. हुकूमशहा असं उतरतो का? 'डिक्टेटर'च ठेवा, अर्थ एका ओळीत द्या.

राज्यविस्तारावर लिहाल तेव्हा 'कोलोनिया'कडेही, म्हणजे रोमने वसवलेल्या नव्या वस्तीकडेही, लक्ष द्या. आपली 'कॉलनी' तिथूनच आली. 'कोलोनुस' म्हणजे शेतकरी. इ.स.पू. 334 मध्ये इटलीतल्याच कालेसला 2,500 जण पाठवले. जमीन कसायची आणि वेळ आली की तीच राखायला शस्त्र उचलायचं. आपल्या 'वसाहत' शब्दात वसणं आलं, कसणं नाही आलं.