मदत हवी आहे: दिवाडी-चोडणची एका सकाळची चाल आणि वाटेत मानकुराद आंब्याचं आईस्क्रीम, वेळा कशा बसवायच्या?

वाटसरू_फोंडा

नमस्कार मंडळी. एप्रिलमधल्या एका रविवारी आमच्या चालगटाला गोव्यातल्या मांडवी नदीतली दिवाडी आणि चोडण अशी दोन्ही बेटं एकाच सकाळी करायची आहेत. आम्ही 14 जण आहोत. सगळ्यात धाकटा 8 वर्षांचा आणि सगळ्यात मोठ्या आजी 71 वर्षांच्या. फोंड्याहून मिनीबस घेऊन येणार.

डोक्यात आहे ते असं: जुने गोवेच्या धक्क्यावरून फेरीबोटीनं दिवाडी, शेतातल्या रस्त्यानं पिएदाद गाव, टेकडीवरची इगर्ज (चर्च), मग दुसऱ्या बाजूनं उतरून रायबंदरची फेरी. रायबंदरहून लगेच चोडणची फेरी धरायची आणि सलीम अली पक्षी अभयारण्यात चक्कर मारून परत. पिएदादला ओळखीचं एक घर आहे. तिथल्या काकी मानकुरादचं आईस्क्रीम करून द्यायला तयार आहेत, पण त्यांच्याकडे साधा फ्रिज आहे आणि त्यात आईस्क्रीम बर्फाळ होतं, दाताखाली कचकचतं. आमच्या गटात एकाकडे हातानं फिरवायचा जुना लाकडी पॉट आहे. तो नेता येईल.

तर विचारायचं असं की आधी दिवाडी करावी की चोडण? भरती-ओहोटीचा हिशेब कसा धरायचा? दोन रविवार मोकळे आहेत, एक अष्टमीचा आणि एक पौर्णिमेचा. आणि पॉट नेला तर 14 जणांना दूध, आंबा, बर्फ, मीठ किती लागेल? अंदाजपंचे नको, नेमकं हवंय.

मांडवीकाठ

आधी दिवाडी. कारण सावली. जुने गोवेच्या बाजूनं उतरलात की पिएदादपर्यंत दोनेक किलोमीटर सरळ खाजनातून (खाडीकाठच्या बांध घातलेल्या शेतजमिनीतून) रस्ता जातो. दोन्हीकडे शेतं आणि पाणी, डोक्यावर झाड म्हणून नाही. एप्रिलमध्ये साडेआठनंतर हा पट्टा आजींना त्रासाचा होईल. चोडणचं अभयारण्य मात्र खारफुटीच्या आत आहे, पायवाटेवर सावली असते, त्यामुळे ते दहा वाजताही चालतं. उलट क्रम लावला तर सावलीचा भाग थंड वेळेत वाया जातो आणि उघडा भाग उन्हात येतो.

बस जुने गोवेला सोडा आणि ड्रायव्हरला रायबंदरच्या धक्क्यावर थांबायला सांगा. बस बेटावर नेण्यात काही अर्थ नाही. साध्या फेरीबोटीत चालत जाणाऱ्याला तिकीट नाही आणि प्रत्येक पार पाच-सात मिनिटांचा. रायबंदरहून दिवाडी आणि चोडण दोन्हीकडे बोटी सुटतात, तेव्हा चढण्याआधी खलाशाला विचारून घ्या. गर्दीत पुढच्याच्या मागे चढलं की भलत्याच बेटावर पोचायला होतं.

एक गोष्ट सांगायला हवी. हिवाळी पाहुणे पक्षी एप्रिलपर्यंत बहुतेक निघून गेलेले असतात. चोडणला तुम्हाला खंड्या, बगळे, पाणकावळे, ब्राह्मणी घार दिसेल, पण डिसेंबरसारखी गर्दी नसेल. मानकुराद हवा तर एप्रिल-मे, पक्षी हवे तर नोव्हेंबर ते फेब्रुवारी. दोन्ही एकदम मिळत नाही. मुलांना आधीच सांगून ठेवा, म्हणजे हिरमोड होणार नाही.

खाजन

भरतीचा हिशेब तिथीवरून काढा, आपल्याकडची जुनी रीत आहे आणि फिरायला पुरेशी अचूक आहे. तिथीच्या आकड्याला तीननं गुणा, चारनं भागा. जो आकडा येईल त्या वाजता भरती पूर्ण. कृष्ण पक्षात पुन्हा प्रतिपदेपासून मोजायचं.

अष्टमी: 8 गुणिले 3 म्हणजे 24, भागिले 4, उत्तर 6. सकाळी सहाला भरती, दुपारी बाराच्या आसपास ओहोटी.
पौर्णिमा: 15 गुणिले 3 म्हणजे 45, भागिले 4, सव्वाअकरा. म्हणजे पहाटे पाचला ओहोटी आणि तुम्ही चोडणला पोचेपर्यंत पाणी वर.

नदीत आत शिरता शिरता भरती थोडी उशिरा लागते, तेवढी सूट ठेवा. आदल्या दिवशी भरती-ओहोटीच्या तक्त्यात एकदा ताडून बघा.

तुम्हाला अष्टमीचा रविवार बरा. दहाला चोडणला पाणी ओसरत असतं, चिखल उघडा पडतो आणि खारफुटीत बघण्यासारखं सगळं त्या चिखलातच असतं. निवट्या (चिखलात राहणारे छोटे मासे) चिखलावर कल्ल्यांजवळच्या परांनी सरपटतात, मध्येच उडी मारतात. एकच नांगी मोठी असलेले खेकडे ती नांगी वर-खाली हलवत बिळाच्या तोंडाशी उभे असतात. मुलांना तिथे पाच मिनिटं अजिबात न हलता उभं करा. पावलांची धडधड झाली की सगळे बिळात जातात आणि चिखल ओसाड दिसतो. लोक 'काहीच नव्हतं' म्हणून परत येतात ते यामुळेच.

पौर्णिमेला पाणी भरलेलं असेल, तेव्हा होडीतून फिरायला चांगलं, पायी बघायला नाही.

अष्टमीचा आणखी एक फायदा म्हणजे तेव्हा भांगाची भरती असते, पाण्याची चढ-उतार कमी. उधाणाच्या ओहोटीला फेरीच्या धक्क्याचा खालचा भाग उघडा पडतो. त्यावर शेवाळ असतं आणि उतारही जास्त लागतो. आजींसाठी हे महत्त्वाचं. चढता-उतरताना त्यांना धक्क्याच्या मधल्या, गाड्यांच्या चाकांनी घासलेल्या पट्ट्यातून न्या, कडेनं नको.

बांधांवरून चालायचा मोह होईल. रस्त्यालगतच्या रुंद बांधावर हरकत नाही, पण मानशीच्या दारांवर मुलांना उभं राहू देऊ नका. भरतीचं पाणी आत-बाहेर सोडणारी ती लाकडी दारं असतात, खाली ओढ जबरदस्त असते. शिवाय कुंभारजुव्याच्या कालव्यात आणि लगतच्या खाड्यांत मगरी आहेत. पाण्याच्या कडेला बसून पाय सोडायचे नाहीत.

बर्फमीठ

आता आईस्क्रीम. काकींचं आईस्क्रीम बर्फाळ होतं यात त्यांच्या हाताचा दोष नाही. साध्या फ्रिजचा वरचा कप्पा हळूहळू गोठवतो. हळू गोठलं की पाण्याचे कण मोठे होतात आणि तेच दाताखाली येतात. पॉटमध्ये मिश्रण सतत फिरतं, कडेला धरलेला बर्फ पात्यानं खरवडला जातो, कण बारीक राहतात आणि थोडी हवाही आत जाते. पॉट न्याच.

14 जणांना प्रत्येकी 100 मिली धरलं तर दीड लिटर तयार आईस्क्रीम हवं. हातपॉटात मिश्रण साधारण पाव पट फुगतं. खालच्या मापानं सव्वा-दीड लिटर मिश्रण होतं, म्हणजे दोन-तीन जणांना दुसरी वाटीही मिळेल.

फुल क्रीम दूध 1 लिटर, आटवून 750 मिली. पॅकेटमधली साय 200 मिली. साखर 130 ग्रॅम. मानकुरादचा गर 350 ग्रॅम, साधारण चार-पाच मध्यम आंबे. चिमूटभर मीठ.

साखर वाढवू नका. गोड जास्त झालं की गोठतच नाही, पॉट फिरवून हात दुखतात आणि आत लस्सी राहते. मानकुरादमध्ये आधीच साखर भरपूर असते. गर मिक्सरमधून काढून चाळणीनं गाळा. आणि गर गरम दुधात कधीच घालायचा नाही, दूध फाटतं. दूध-साखर-साय आदल्या संध्याकाळी उकळून, गार करून रात्रभर फ्रिजमध्ये, गर वेगळ्या डब्यात फ्रिजमध्ये. सकाळी पॉटात ओततानाच दोन्ही एकत्र करा. मिश्रण गार असलं की निम्मं काम झालेलं असतं. कोमट मिश्रण ओतलं तर पहिला सगळा बर्फ ते थंड करण्यातच संपतो.

डबा दोन तृतीयांशापेक्षा जास्त भरायचा नाही. तुमचा पॉट अडीच लिटरचा असेल तर एकदाच होईल, दोनचा असेल तर दोन घाण्यांत करा.

बर्फ 10 किलो घ्या. करायला 5 किलो, नंतर मुरायला 3 किलो, वाटेत विरघळायला 2. मीठ जाडं, दीड किलो पुरे, पण दोन किलो न्या. प्रमाण वजनानं पाच भाग बर्फ, एक भाग मीठ. बर्फ सुपारीएवढा फोडलेला हवा. मोठे तुकडे डब्याला चिकटून बसत नाहीत, मध्ये पोकळी राहते आणि अर्धा तास फिरवूनही काही होत नाही. थर लावायचा: चार बोटं बर्फ, मूठभर मीठ, परत बर्फ. वरची पातळी झाकणाच्या दोन बोटं खालीच ठेवा आणि बादलीचं भोक मोकळं ठेवा. खारं पाणी झाकणावरून आत गेलं की सगळं फेकावं लागतं, त्यावर उपाय नाही. पॉटची सगळ्यात मोठी फजिती हीच.

वाटसरू_फोंडा

बर्फमीठ, फार उपकार. हेच हवं होतं. बारीक मीठ चालेल का? आणि माशांच्या बर्फाच्या कारखान्यातला बर्फ घेतला तर?

बर्फमीठ

बारीक मीठ लगेच विरघळतं, पहिल्या दहा मिनिटांत एकदम थंड होतं, कडेला जाड थर धरतो, आतला भाग पातळच राहतो आणि हँडल अडकतं. जाडं मीठ हळू विरघळतं, म्हणून शेवटपर्यंत पुरतं. आपल्याकडे आगरवाड्याच्या मिठागरांचं मीठ याला उत्तम. एप्रिलमध्ये ताजं असतं आणि कडेला बसून विकतात त्यांच्याकडेच मिळेल. पाच मिनिटांतच हँडल जड लागलं तर मीठ जास्त झालंय असं समजा, वर नुसता बर्फ घाला.

कारखान्याचा बर्फ चालेल, तो डब्याच्या बाहेर राहतो. पण तोच बर्फ कुणी सरबतात घालू नये. पोत्यावर खूण करून ठेवा, मुलं हात घालतात. गोणपाटात गुंडाळून थर्मोकोलच्या पेटीत न्या आणि पेटीतलं पाणी काढून टाकत राहा.

फिरवायला 20 ते 25 मिनिटं. मुलांनी पहिली पंधरा फिरवावी, शेवटची दहा मोठ्यांनी, कारण तेव्हा जोर लागतो. हँडल फिरेनासं झालं की पातं काढा, झाकण घट्ट लावा, खारं पाणी काढून टाका, 3 किलो नवा बर्फ आणि अर्धा किलो मीठ घालून गोणपाटानं झाका. 40 मिनिटं मुरू द्या. हे मुरणं गाळलं तर आईस्क्रीम वाटीत पडता पडताच पाणी होतं.

मांडवीकाठ

मग वेळा जुळतात बघा. पावणेसातची फेरी, साडेसातपर्यंत पिएदाद. बर्फ आणि पॉट एका स्कूटरवरून पुढे पाठवा, फेरीत स्कूटर जाते. पावणेआठला फिरवायला सुरुवात, सव्वाआठला पॉट झाकला. मुरेपर्यंत 40 मिनिटं मोकळी, त्यात टेकडीवर जाऊन या. वरून मांडवी, चोडण आणि जुने गोवे एका नजरेत दिसतं. शेजारच्या दफनभूमीतलं कपेल (छोटं प्रार्थनाघर) नीट बघा. आतलं कोरीव काम तिथे पूर्वी असलेल्या देवळाचं मानतात. मोठ्या आवाजात बोलू नये, ती वापरातली दफनभूमी आहे. रविवारी मिसा चालू असेल तर इगर्जीच्या आत घोळक्यानं शिरू नका, बाहेरूनच बघा.

नऊला काकींच्या सोप्यावर बसून आईस्क्रीम. वाट्या घरच्याच मागा किंवा पानांचे द्रोण न्या. प्लास्टिकचे कप शेतात उडतात आणि मानशीच्या दारात अडकतात.

डिचोलीकर

दोन ओळी माझ्याही. पॉटमधलं खारं पाणी काकींच्या माडाच्या आळ्यात किंवा विहिरीजवळ ओतू नका, शेतात तर नकोच. बादलीत भरून घ्या आणि फेरीच्या धक्क्यावर नदीत सोडा, तिथलं पाणी खारंच असतं.

काकींना जमलं नाही आणि दुकानातून कप घ्यावे लागले तर कपावरचं बारीक वाचा. 'फ्रोझन डेझर्ट' लिहिलं असेल तर त्यात दुधाच्या चरबीऐवजी बहुधा वनस्पती तेल असतं. साध्या आईस्क्रीमला दुधाची चरबी किमान 10 टक्के लागते. शिवाय अन्न परवान्याचा 14 आकडी क्रमांक असतो. कपाच्या झाकणाच्या आतल्या बाजूला बर्फाची जाड साय दिसली, तर वीज गेल्यावर ते एकदा विरघळून पुन्हा गोठलंय, घेऊ नका.

आणि कुणाला वेळ असेल तर दिवाडीच्या उत्तरेच्या नार्वे धक्क्यावरून फेरीनं पलीकडे डिचोलीतल्या नार्व्याला जाता येतं. मूळचं सप्तकोटेश्वराचं देऊळ दिवाडीवरच होतं. पोर्तुगीजांनी ते पाडलं, देव पलीकडे नेला गेला आणि 1668 साली शिवाजी महाराजांनी तिथे देऊळ बांधवून घेतलं. पण 14 जणांच्या या सकाळीत ते बसवू नका, चोडण सोडावं लागेल.

वाटसरू_फोंडा

अष्टमीचा रविवार पक्का. सगळ्यांचे मनापासून आभार. शेवटचा प्रश्न: चोडणला मुलांना तासभर खिळवून ठेवायला निवट्यांशिवाय आणखी काय दाखवता येईल?

खाजन

तिवराचं झाड दाखवा. पायवाटेला लागूनच असतं. बुडाभोवती चिखलातून पेन्सिलीसारखी मुळं वर आलेली दिसतील. चिखलात हवा नसते, म्हणून झाड त्या मुळांनी श्वास घेतं. मग हाताशी येणारं एखादं जून पान न तोडता पालथं करा आणि बोट फिरवा. कोरड्या सकाळी बोटाला बारीक मिठाचे कण लागतात. झाड खारं पाणी पितं आणि नको असलेलं मीठ पानातून बाहेर टाकतं. दोन-तीन तासांपूर्वीच मुलांनी बर्फात मुठीमुठीनं मीठ घातलेलं असेल, तर जिभेवर ठेवल्याबरोबर ओळखतील.

पावलं पायवाटेवरच ठेवायला सांगा, त्या मुळांवर पाय पडला की ती मोडतात.