कॅप्चा 'भरा', 'टाका' की 'सोडवा'?

प्रश्न : एका मराठी संकेतस्थळाच्या नोंदणी-पानावर 'कॅप्चा भरा' असं लिहिलंय (कॅप्चा म्हणजे समोर माणूस आहे की यंत्र, हे ताडायला दिलेलं छोटं कोडं). त्याऐवजी 'मानव-पडताळणी' कसं वाटतं? काहींचं म्हणणं, ते वाचून लोकांना वाटेल आता ओळखपत्र मागणार.

प्रतिसाद : वाटेलच की! 'कॅप्चा'च ठेवा. इंग्रजीतही तो आद्याक्षरं जुळवून घडवलेलाच शब्द आहे. कार्नेगी मेलन विद्यापीठातल्या संशोधकांनी २००३च्या सुमारास तो रुळवला. त्यातलं एक अक्षर संगणकशास्त्रज्ञ ॲलन ट्युरिंगचं. गंमत अशी, की समोर यंत्र आहे की माणूस हे संवादातून ओळखायच्या ट्युरिंगच्या १९५०च्या चाचणीत परीक्षक माणूस होता. इथे परीक्षक यंत्र, आणि आपण माणूस असल्याचा दाखला त्याला द्यायचा. लोक वैतागतात ते यामुळे, शब्दामुळे नाही.

प्रतिसाद : माझा आक्षेप 'भरा'ला. अर्ज भरतात. अक्षरांचा कॅप्चा 'टाकतात', ओटीपी टाकतात तसा. सिग्नलची चित्रं निवडायची असतील तर 'सोडवा'. (सिग्नलच्या खांबाचं टोक शेजारच्या चौकटीत गेलं तर ती धरायची की नाही, हे मला अजून कळलेलं नाही.)

प्रतिसाद : पण अक्षरं देवनागरी ठेवणार का? मराठीच्या अभिमानापोटी ठेवाल आणि लोकांच्या शिव्या खाल. 'सुऱ्या' हा शब्द घ्या. कुणी ऱ हे स्वतंत्र अक्षर घेऊन टंकतो, कुणी साधा र, हलन्त आणि मध्ये न दिसणारं जोडचिन्ह घालून. पडद्यावर दोन्ही सारखेच. संगणकाला मात्र ते दोन निरनिराळे शब्द, म्हणून बरोबर लिहूनही 'चुकीचा कॅप्चा'. त्यात वाकडीतिकडी अक्षरं आणि वरून मारलेल्या रेघा. अनुस्वार कुठला आणि नुसता ठिपका कुठला, ते कसं ओळखायचं? जोडाक्षरं, अनुस्वार टाळा. 'कमळ', 'बदक' असे शब्द द्या. आकडे दिलेत तर ५ आणि इंग्रजी कळफलकावरचा पाच, दोन्ही चालू द्या.

प्रतिसाद : सोपे शब्द यंत्रही वाचतं हो. म्हणून तर २०१४पासून नुसत्या 'मी रोबोट नाही'च्या चौकोनावर भागवायला सुरुवात झाली. त्याआधी, २००७च्या 'रिकॅप्चा' नावाच्या कॅप्चात, जुन्या छापील पानांतले यंत्राला न लागलेले शब्द लोकांकडून वाचून घेत. माझ्या मते ती सरळ वेठबिगारी, पण निदान पुस्तकं तरी संगणकावर आली.

प्रश्नकर्ता : ठीक. 'कॅप्चा टाका', आणि खाली बारीक अक्षरांत 'चित्रातला शब्द जसाच्या तसा लिहा'. ऱ्याची तक्रार प्रोग्रॅमरकडे पाठवली आहे.