शब्दचर्चा : 'मेट्रिआर्क' आणि 'चर्चवुमन' यांना मराठीत काय म्हणावं?

कानामात्रा :
एका ख्रिस्ती मासिकासाठी आल्बर्टा विल्यम्स किंग यांच्यावरचा लेख मराठीत आणतोय. मार्टिन ल्यूथर किंग (धाकटे) यांच्या आई. अटलांटाच्या एबेनेझर बॅप्टिस्ट चर्चमध्ये त्या १९३२ पासून ऑर्गन वाजवायच्या आणि क्वायर (गाणाऱ्यांचा ताफा) सांभाळायच्या. वडील तिथले पाळक, त्यांच्यामागे नवरा, पुढे मुलगाही तिथेच सहपाळक. मूळ लेखात त्यांना 'चर्चवुमन' (चर्चच्या कामात मुरलेली बाई) आणि 'मेट्रिआर्क' (घराण्यात जिचा शब्द चालतो ती) म्हटलंय. मी 'धर्मपरायण कुलमाता' केलं. संपादकांचा शेरा आला, "या बाई आहेत की देवी?" मला आक्षेप तितकासा पटलेला नाही, पण याहून बरं काही असेल तर सुचवा.

नगरी मिरची :
संपादकांचं बरोबर आहे. कुलमाता म्हटलं की तळी भरायची वेळ झाली असं वाटतं. सरळ 'कर्ती बाई' म्हणा. आमच्या आजीला सगळा वाडा 'कर्ती' म्हणायचा. बाजारात कोंबडी विकायची की नाही हे तिला विचारल्याशिवाय ठरत नसे.

उंबरठा :
'कर्ती' म्हणजे राबून घर चालवणारी. मेट्रिआर्क बसल्या जागेवरून हुकूम सोडते, तिला राबावं लागेलच असं नाही. आमच्याकडे 'मोठ्या बाई' म्हणत. नुसतं "मोठ्या बाईंना विचारा" म्हटलं की पुढचं बोलणं संपलं.

शुद्धमती :
'कुटुंबप्रमुख' हा निर्दोष शब्द उपलब्ध असताना ही कसरत कशाला?

नगरी मिरची :
कारण तो रेशनकार्डावरचा शब्द आहे. २०१३ च्या अन्नसुरक्षा कायद्यानं घरातली अठरा वर्षांवरची सगळ्यात मोठी बाई कार्डावर कुटुंबप्रमुख झाली. म्हणून आमच्या शेजारच्या काकूंना घरात कोणी विचारायला लागलं असं काही झालेलं नाही.

वसईवाला :
'धर्मपरायण'बद्दल कोणीच बोलत नाहीये, खरी अडचण तिथे आहे. धर्मपरायण बाई म्हणजे उपास करणारी, माळ ओढणारी. आल्बर्टाबाईंनी चर्चमधली महिला समिती उभी केली. १९५० ते १९६२ नॅशनल बॅप्टिस्ट कन्व्हेन्शन या काळ्या बॅप्टिस्टांच्या संघटनेच्या महिला शाखेच्या ऑर्गनवादक होत्या. हे कामकाज झालं, मिटिंगा आणि वर्गण्यांसकट. आमच्या वसईत चर्चला 'देऊळ' म्हणतात, म्हणून आम्ही 'देवळातली बाई' म्हणू, पण ते बाकी महाराष्ट्राला भलतंच वाटेल.

पाचवी ओवी :
वसईवाल्यांशी सहमत. तिथल्या काळ्या बॅप्टिस्ट बायकांची ही परंपराच आहे. कन्व्हेन्शनची महिला शाखा १९०० साली रिचमंडला स्थापन झाली. त्या वेळी नॅनी हेलन बरोज यांनी जे भाषण केलं त्याचा विषयच हा होता की भगिनींना मदत करायची आहे, पण आड कोण येतंय. तेव्हा वय पुरतं पंचवीसही नाही. १९०९ मध्ये वॉशिंग्टनला मुलींची शाळा काढली. व्यासपीठ पुरुषांचं, पण पैसा उभा करणं, शाळा चालवणं आणि गाणं बायकांचं. त्यांना 'भाविक' म्हटलं की हे सगळं अगरबत्तीच्या धुरात जातं.

कानामात्रा :
मग 'मंडळीतल्या सक्रिय कार्यकर्त्या'? आपल्या बायबलात चर्चला 'मंडळी' आहेच.

नगरी मिरची :
आमच्या प्रोटेस्टंट घरांत चालेल. रोमकरांस पत्राच्या सोळाव्या अध्यायात फीबीला मंडळीची सेविका म्हटलंय. तिथेच खाली पौल म्हणतो की रूफची आई ती माझीही आई. अमेरिकेतल्या काळ्या चर्चमध्ये वयस्क, मानाच्या बायकांना 'मदर' म्हणतात, पुष्कळ ठिकाणी त्या प्रभुभोजनाच्या रविवारी पांढऱ्या कपड्यांत पुढच्या बाकावर बसतात, ते मला याच ओळीतून आल्यासारखं वाटतं. 'मंडळीची आई' म्हणा की.

उंबरठा :
थांबा! आमचे आजोबा बायकोला 'आमची मंडळी' म्हणायचे. मंडळीची आई म्हणजे सासू!

वसईवाला :
😂

शुद्धमती :
हसण्यावारी नेऊ नका. एकाच शब्दाला प्रदेशपरत्वे आणि धर्मपरत्वे वेगळे अर्थ असतील, तर प्रमाण अर्थ लेखकानं कंसात द्यावा. 'पाळक' म्हटलं तरी निम्म्या वाचकांना शेळीपालन आठवेल.

नगरी मिरची :
आठवू दे की. शब्दच मेंढपाळावरून आलाय. आणि ही 'ख्रिस्ती मराठी' आहे, हिला प्रमाणपत्र नको. मराठीचं छापील व्याकरण १८०५ साली आणि कोश १८१० साली बंगालमधल्या श्रीरामपूरला ज्यांनी काढला ते विल्यम कॅरी बॅप्टिस्टच होते. पंडित वैजनाथ मदतीला होते.

पाचवी ओवी :
कॅरी निघालेच आहेत तर शुद्धिवादाची गंमत सांगते. बॅप्टिस्टांचं म्हणणं, बाप्तिस्मा म्हणजे पाण्यात पूर्ण बुडवणं, शिंपडणं नव्हे, आणि तान्ह्या बाळाचा तर नाहीच. म्हणून त्यांच्या बंगाली बायबलात मूळ शब्द तसाच न ठेवता बुडवण्याच्या अर्थाचा शब्द घातला. ब्रिटिश बायबल सोसायटीनं हात आखडता घेतला, मग बॅप्टिस्टांनी १८४० मध्ये भाषांतराची वेगळी संस्था काढली. एका क्रियापदापायी! कानामात्रा, तुमच्या लेखात बाईंचा बाप्तिस्मा 'झाला' आहे की त्यांनी 'घेतला' आहे? बॅप्टिस्ट असतील तर 'घेतला'च हवं, तिथे माणूस स्वतःहून पाण्यात उतरतो.

कानामात्रा :
'झाला' लिहिलंय, बदलतो. पण मेट्रिआर्कचं काय?

उंबरठा :
मला एक सांगा, लग्नानंतर त्या राहायच्या कुठे? सासरी की माहेरी? त्यावर शब्द ठरेल.

कानामात्रा :
माहेरी. लग्न २५ नोव्हेंबर १९२६ ला. नवरा-बायको ऑबर्न ॲव्हेन्यूवरच्या तिच्या आईवडिलांच्या घरात वरच्या मजल्यावर राहिले, तिन्ही मुलं त्याच घरात झाली. लग्न झालेल्या बाईला शाळेत शिकवायची परवानगी नसल्यामुळे तिची मास्तरकी सुटली. १९३१ मध्ये तिचे वडील वारले आणि जावई पाळक झाला. तिनं १९३८ मध्ये पदवी घेतली, तोवर तीन मुलं झालेली.

उंबरठा :
म्हणजे थोरले किंग घरजावई! मग घरातली मेट्रिआर्क आल्बर्टाची आई असणार, आल्बर्टा नव्हे.

कानामात्रा :
तेही खरंय. जेनी विल्यम्स १९४१ पर्यंत त्याच कुटुंबात होत्या. नातवंडं आजीला 'मामा' (म्हणजे आई) म्हणत, आणि आईला लिहिलेल्या पत्रांत मार्टिन 'मदर डिअर' लिहितो.

पाचवी ओवी :
अगदी आपल्यासारखं! आमच्या घरी आजीला सगळे 'आई' म्हणायचे आणि आईला आम्ही मुलं 'वहिनी', कारण काका वहिनी म्हणायचे. आजी गेल्यावरही आईची बढती झाली नाही.

वसईवाला :
घरजावई म्हणू नका हो, त्या शब्दात कुत्सितपणा आहे. एवढा मोठा माणूस.

उंबरठा :
कुत्सितपणा आपल्या डोक्यात, शब्द काय करणार?

शुद्धमती :
शब्दाच्या छटा शब्दातच असतात. नाहीतर कोश कशाला?

कानामात्रा :
भांडण नंतर. शेवटचा परिच्छेद अजून अडलाय. १९६८ मध्ये मार्टिन यांची हत्या, १९६९ मध्ये धाकटा मुलगा पोहण्याच्या तलावात बुडून गेला, आणि ३० जून १९७४ ला रविवारच्या उपासनेत ऑर्गनवर बसलेल्या असताना एका तरुणानं बाईंनाच गोळ्या घातल्या. चर्चचे एक डीकनही (पाळकाच्या हाताखालचे पदाधिकारी) मेले. इथे 'प्रभूमध्ये झोपी गेल्या' लिहू? आणि बायबलाप्रमाणे डीकनला 'सेवक' केलं, तर वाचकाला वाटेल शिपाई गेला.

नगरी मिरची :
'झोपी गेल्या' नको. ते बिछान्यातल्या मरणाला शोभतं, इथे खून झालाय, खून लिहा. डीकनला डीकनच ठेवा, आमच्या चर्चमध्ये कोणी 'सेवकसाहेब' म्हणत नाही.

वसईवाला :
पण 'ऑर्गन' लिहिलंत तर मराठी माणसाला गंधर्व नाटक मंडळीचा पायानं भाता मारायचा ऑर्गन दिसेल. अमेरिकेतलं वाद्य वेगळं. 'नळ्यांचा ऑर्गन' म्हणायचं का?

शुद्धमती :
'पायपेटी' हा रूढ शब्द आहे.

वसईवाला :
अहो, तेच तर म्हणतोय, ती पायपेटी नव्हे!

उंबरठा :
पायपेटी आणि नाटकातला ऑर्गन एकच का? एकात हवा बाहेर ढकलतात, दुसऱ्यात आत ओढतात असं आमचे पेटीवाले सांगायचे.

नगरी मिरची :
बरोबर सांगायचे. आवाजातही फरक पडतो, ऑर्गनचा मऊ. पेटीवाल्यांचा विषय निघालाच आहे तर, आमच्या चर्चच्या जुन्या ऑर्गनचा भाता उंदरांनी कुरतडलाय. नगर-पुण्याकडे दुरुस्त करणारं कोणी माहीत असेल तर कळवा. नाताळच्या आत हवाय.