मदत हवी आहे: गरोदरपणात कानावरचा केलॉइड वाढतोय

लग्नात हौसेने बुगडीसाठी कान वरच्या बाजूला टोचून घेतला होता. तिथे ज्वारीच्या दाण्याएवढी गाठ आली, दोन वर्षं तेवढीच होती. आता सातवा महिना चालू आहे आणि गाठ बोराएवढी झालीय. लालसर, टणक. रात्री त्या कुशीवर झोपता येत नाही इतकी खाज सुटते.

त्वचेच्या डॉक्टरांनी सांगितलं, हा केलॉइड आहे. साधा जाड व्रण जखमेच्या हद्दीतच राहतो, हा बाहेर पसरतो. गरोदरपणात इस्ट्रोजेन वाढलं की त्वचेचा रक्तपुरवठा वाढतो, त्यामुळे असे व्रण फुगू शकतात म्हणे. ट्रायमसिनोलोनचं (गाठीत देतात ते स्टेरॉइड) इंजेक्शन बाळंतपणानंतर बघू, तोवर सिलिकॉन जेल. आईच्या दंडावरही लसीच्या जागी असाच व्रण आहे, तिचा पाळी गेल्यावर बराच मऊ पडला. (सासूबाई हळद लावायला सांगतायत, ते वेगळंच!)

कोणाचा केलॉइड बाळंतपणानंतर आपोआप बसला का? आणि खरी धास्ती अशी, की सिझेरियन झालं तर पोटावरही हेच होईल का? टाके घालण्याआधी डॉक्टरांना नेमकं काय सांगितलंत? स्तनपान चालू असताना इंजेक्शन घेतलेल्या कोणी असाल तर प्लीज लिहा.